शाळा समितीची निवडणूक : नऊ जागांचे गणित

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपत आली की दुधनी लागते. अक्कलकोट तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. येथे नगरपरिषद आहे, कृषी उत्पन्न बाजार समिती आहे आणि तुरीचा व्यापार आहे. पुष्कळ घरांत कानडी बोलतात, सरकारी कागद मराठीत येतो. अशा गावात निवडणुकांना तोटा नसतो. नगरपरिषदेची निवडणूक असो वा बाजार समितीची, कोण उभा आहे, कोणी कोणाला पाठिंबा दिला, याची चर्चा महिनामहिना चालते. पण गावातल्या प्रत्येक सरकारी शाळेत आणखी एक निवड होत असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची निवड.

ही निवड बहुतेक ठिकाणी कशी होते, हे शिक्षकांना सांगायला नको. पालकसभा बोलावली जाते. वीस-पंचवीस पालक येतात. कोणीतरी आधीच लिहून आणलेली नावे वाचतो, ‘सर्वांना मान्य ना?’ असे विचारतो, माना हलतात आणि चहा येतो. याला आपण ‘एकमत’ म्हणतो. भांडण झाले नाही, म्हणून मुख्याध्यापकांनाही बरे वाटते. पण हे खरोखर एकमत असते का, आणि नसेल तर त्यामुळे शाळेचे काय नुकसान होते, याचा हिशेब मांडता येतो. त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरते. तोच हिशेब आपण या लेखात मांडणार आहोत.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा सोडून इतर शाळांमध्ये अशी समिती असली पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे ही तिची कामे. महाराष्ट्र शासनाने जून २०१० मध्ये निर्णय काढून सदस्यसंख्या बारा ते सोळा ठेवली. मुख्याध्यापक हे सदस्य सचिव. ते या संख्येत धरलेले नाहीत. बारा सदस्यांच्या समितीत नऊ पालक, आणि उरलेल्या तीन जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा एक प्रतिनिधी (खेड्यात ग्रामपंचायत सदस्य, दुधनीसारख्या ठिकाणी नगरसेवक), एक शिक्षक आणि एक शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. २०२५ मध्ये शासनाने शाळापातळीवरच्या बऱ्याच निरनिराळ्या समित्या एकत्र करून त्यांची कामेही या समितीकडे दिली. म्हणजे तिचे ओझे वाढलेच आहे.

आता एक छोटे उदाहरण. बारांपैकी निम्म्या, म्हणजे सहा स्त्रिया हव्यात. समजा नगरसेवक पुरुष आहे, शिक्षक पुरुष आहे आणि शिक्षणतज्ज्ञही पुरुष आहे. मग नऊ पालकांपैकी सहा स्त्रिया असाव्या लागतील. उलट हे तिघेही स्त्रिया असतील, तर पालकांतून तीन स्त्रिया पुरतील. म्हणून त्या तीन जागा कोणाच्या, हे पालकसभेच्या आधी ठरलेले हवे. पुष्कळ शाळांत हा क्रम उलटा होतो आणि शेवटी संख्या जुळवण्यासाठी एखाद्या आईचे नाव तिला न विचारताच लिहिले जाते. ती पुढे सभेला येत नाही, यात तिचा दोष काय?

या समितीचे मूळ बरेच जुने आहे. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा असा स्थानिक कर बसवण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवण्यात आला. शाळेचा पैसा असा शेतकऱ्याच्या खिशातून येऊ लागला, पण शाळेचा कारभार पाहणाऱ्यांत शेतकरी नव्हता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९२३ आणि १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यांनी शाळा मंडळे आणली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण जिल्ह्याचे मंडळ झाले तरी शाळेच्या दारातला पालक त्यापासून दूरच राहिला. २००९ च्या कायद्याने मंडळ एकेका शाळेपर्यंत आणले, ही त्यातली नवी गोष्ट.

मात्र या कायद्यात एक गोष्ट सांगितलेली नाही. पालक सदस्य ‘कोण’ असावेत हे कलम २१ सांगते. ते मते घेऊन ‘कसे’ निवडावेत, हे सांगत नाही. आणि सगळी मेख तेथेच आहे.

समजा, एका शाळेच्या पालकसभेला १२० पालक आले आहेत. (ही शाळा काल्पनिक आहे, पण आकडे मुद्दाम रोजच्या अनुभवाला धरून घेतले आहेत.) यातले ६६ पालक पेठेच्या बाजूचे, ५४ पालक गावाबाहेरच्या वस्त्यांवरचे. नऊ जागा भरायच्या आहेत. नेहमीच्या रीतीने प्रत्येक पालकाने नऊ उमेदवारांना एकेक मत द्यायचे असे ठरले. पेठेच्या लोकांनी आपले नऊ उमेदवार ठरवले, तर त्या प्रत्येकाला ६६ मते पडतील. वस्तीच्या नऊ उमेदवारांना प्रत्येकी ५४. निकाल काय? नऊच्या नऊ जागा पेठेला. सभेतले शंभरातले पंचेचाळीस लोक आले, त्यांनी मते दिली, मोजणीही चोख झाली, आणि त्यांच्या वाट्याला शून्य आले. हात वर करून निवड केली तरी हेच होते; फक्त ते इतके स्पष्ट दिसत नाही.

याच अडचणीवर इंग्लंडमध्ये १८७० मध्ये एक तोड काढली होती. त्या वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने तेथे गावोगावी निवडून दिलेली शाळा मंडळे स्थापन झाली. निरनिराळ्या धर्मपंथांच्या लोकांना मंडळावर जागा मिळावी म्हणून मतदानाची निराळी पद्धत वापरली गेली. जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत, आणि ती मते तो हवी तशी वाटू शके. वाटल्यास सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला! या पद्धतीला आपण संचित मतदान म्हणू या. लंडनच्या पहिल्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत मेरिलबोन विभागातून सात जण निवडायचे होते. तेथे एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टर बाई ४७,८५८ मते मिळवून पहिल्या आल्या. सगळ्या लंडनमध्ये एवढी मते कोणालाच पडली नव्हती. बायकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळायला १९१८ साल उजाडावे लागले. शाळा मंडळावर मात्र त्या अठ्ठेचाळीस वर्षे आधीच निवडून येऊ शकल्या. त्याच विभागात दुसऱ्या क्रमांकावर, तेरा हजारांहून थोडी जास्त मते घेऊन निवडून आला तो टॉमस हेन्री हक्सले. डार्विनच्या उत्क्रांतिवादाची बाजू हिरिरीने मांडणारा, तोच हा जीवशास्त्रज्ञ. प्राथमिक शाळेत विज्ञानाची तोंडओळख आणि व्यायाम असावा यासाठी त्याने मंडळावर खटपट केली, आणि १८७२ मध्ये प्रकृती ढासळल्याने ते काम सोडले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला पोरांच्या शाळेच्या समितीत बसणे कमीपणाचे वाटले नाही, हे आमच्या विज्ञान शिक्षकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

ही पद्धत आपल्या १२० पालकांना लावून पाहू. प्रत्येकाला नऊ मते, म्हणजे एकूण मते १०८०. निवडून यायला खात्रीने किती मते पुरतील? जागा नऊ आहेत. दहा उमेदवारांना प्रत्येकी १०९ मते पडली असे मानले तर बेरीज १०९० होते. तेवढी मतेच नाहीत. म्हणजे १०९ मते मिळवणारे जास्तीत जास्त नऊच असू शकतात. ज्याला १०९ मिळाली तो हमखास आत. आता वस्तीकडे मते आहेत ५४ × ९ = ४८६. त्यांतून १०९ चे गट चार पडतात. पेठेकडे ६६ × ९ = ५९४; त्यांतून पाच. पाच आणि चार मिळून नऊ! पालकांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तरी उत्तर हेच आले असते. ज्यांना हे किचकट वाटेल त्यांनी प्रत्येक पालकाला एकच मत द्यावे. मग १३ मते पुरतात (१३ × १० = १३०, मते १२० च), आणि निकाल तोच, पाच-चार.

अर्थात या पद्धतीत मते वाटण्याचे कौशल्य लागते. वस्तीने चारऐवजी सहा उमेदवार उभे केले आणि मते सारखी वाटली, तर प्रत्येकाला ८१ पडतील. पेठेनेही सहा उभे केले असतील तर त्यांना प्रत्येकी ९९. मग पेठेचे सहाही आत आणि वस्तीचे फक्त तीन. उलट वस्तीने भीतीपोटी तिघांनाच सगळी मते दिली, तर प्रत्येकाला १६२ पडतील, पण जागा तीनच मिळतील. गॅरेट बाईंच्या बाबतीत हेच झाले होते. दुसऱ्या क्रमांकाला तेरा हजारांत भागले, म्हणजे त्यांची तीस हजारांहून अधिक मते त्यांना लागलीच नाहीत. लोकप्रियता दिसली, पण त्या मतांत त्यांच्या विचाराचे आणखी एक-दोन जण सहज आले असते.

दुधनीसारख्या गावात हे मतदान कसे घ्यावे? तुरीच्या दाण्यांनी. प्रत्येक पालकाच्या हातावर नऊ दाणे मोजून ठेवावेत. पडद्याआड उमेदवारांचे डबे मांडावेत, डब्यावर नाव मराठीत आणि कानडीत लिहावे, शक्य तर छायाचित्र लावावे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे जमते. आपण कोणाला मत दिले हे शेजाऱ्याला कळत नाही, आणि शेवटी सगळे दाणे १०८० हून जास्त भरत नाहीत ना, हे सातवीची मुलेही मोजू शकतात. तुरीच्या गावात कोणाच्या खिशात चार दाणे असणे अशक्य नाही, म्हणून मतदानाचे दाणे आधी रंगवून घेतलेले बरे.

राखीव जागांचे काय? आधी सगळ्यांची मते उतरत्या क्रमाने लावावीत. पहिल्या नवांत सहा स्त्रिया हव्या असून चारच आल्या, तर आत आलेल्या पुरुषांपैकी सर्वांत कमी मतांच्या दोघांच्या जागी बाहेर राहिलेल्या स्त्रियांपैकी सर्वांत जास्त मतांच्या दोघी घ्याव्यात. वंचित घटकांच्या जागांनाही हाच नियम. हा नियम मतदानाच्या आधी फळ्यावर लिहिलेला असावा. नंतर सांगितला तर तो नियम न वाटता डाव वाटतो. तसेच घरटी एक मत न ठेवता आई आणि वडील दोघांनाही मत द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरटी एक म्हटले की ते मत कोण देणार, हे सांगायला नको.

दोघांना समान मते पडली तर चिठ्ठी टाकावी. चिठ्ठीला कमी लेखायचे कारण नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखात ग्रामसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रावर नावे लिहून, ती घड्यात टाकून, लहान मुलाच्या हातून काढण्याची रीत कोरलेली आहे. त्या सभेत स्त्रियांना वा भूमिहीनांना जागा नव्हती, तेव्हा तिचे फार गोडवे गाऊ नयेत. पण एक अट मात्र आजही घेण्याजोगी आहे. पूर्वी समितीत राहून ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव घड्यात पडत नसे. त्याच्या जवळच्या नातेवाइकांचेही नाही.

येथे एखादा शिक्षक विचारील, की एवढा खटाटोप कशासाठी? पेठेचे नऊ असोत की पाच-चार असोत, शाळेच्या भल्याचेच पाहणार ना? या प्रश्नाचे उत्तर द्यायला फ्रेंच गणिती कॉन्दोर्से याची मदत घेऊ. १७८५ मध्ये त्याने दाखवून दिले की समितीतला प्रत्येक जण बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल आणि प्रत्येक जण स्वतःच्या बुद्धीने मत देत असेल, तर बहुमताचा निर्णय एकट्याच्या निर्णयापेक्षा अधिक वेळा बरोबर येतो. सदस्य वाढतील तशी ही शक्यता वाढत जाते.

हे वर्गात करून पाहता येते. नऊ विद्यार्थ्यांना एकेक फासा द्या. १ ते ४ पडले तर त्याचे मत बरोबर, ५ किंवा ६ पडले तर चूक. म्हणजे प्रत्येक जण तीनपैकी दोन वेळा बरोबर. सगळ्यांनी एकदम फासे टाकायचे आणि बहुमत कोणीकडे ते लिहायचे. असे तीस वेळा करा. एकटा विद्यार्थी तीसपैकी सुमारे वीस वेळा बरोबर येईल. तिघांची समिती सुमारे बावीस वेळा, आणि नऊ जणांची समिती पंचवीस-सव्वीस वेळा. (सूत्राने काढल्यास शक्यता अनुक्रमे ०.६७, ०.७४ आणि ०.८६ येते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ती द्विपद विस्ताराने पडताळून पाहावी.)

आता खेळात एक बदल करा. फासा फक्त अध्यक्षाने टाकायचा आणि बाकी आठ जणांनी त्याच्याकडे बघून तेच मत द्यायचे. निकाल पुन्हा वीसवर येतो. खुर्च्या नऊ, पण डोके एकच! एका गल्लीतले, एका भावकीतले, एकाच्या सांगण्याने आलेले नऊ जण म्हणजे हीच समिती. त्यांचा हेतू वाईट असतो असे नाही; त्यांना शाळा एकाच बाजूने दिसते, एवढेच. वस्तीवरून येणाऱ्या मुलाला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो, हे पेठेतल्या पालकाला कसे कळावे?

तिसरा खेळ सर्वांत बोलका आहे. फक्त १ किंवा २ पडले तरच मत बरोबर धरा. आता एकटा तीसपैकी दहा वेळा बरोबर येतो, आणि नऊ जणांचे बहुमत जेमतेम चार-पाच वेळा! सदस्यांना माहितीच चुकीची किंवा अपुरी असेल, तर समिती मोठी केल्याने चूक पक्की होते. म्हणून कागद दाखवणे हे मुख्याध्यापकांनी केलेले उपकार नव्हेत, तो समितीच्या कामाचा पाया आहे. बैठकीची सूचना आणि इतिवृत्त पालकांना समजेल त्या भाषेत हवे. सदस्याला कानडी येते आणि इतिवृत्त मराठीत असेल, तर त्याची सही म्हणजे फक्त शाई.

बरोबर असण्याची ही शक्यता वाढवायची तर मोजता येण्याजोग्या गोष्टींपासून सुरुवात करावी. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे झाले पाहिजे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. साठपर्यंत मुले असतील तर पहिली ते पाचवीला दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. दुपारच्या आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला केंद्राच्या निकषाप्रमाणे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ. म्हणजे १२० मुलांसाठी २ किलो ४०० ग्रॅम डाळ पातेल्यात पडली पाहिजे. अडतीवर पोती मोजणाऱ्या हमालाला किंवा डाळ निवडणाऱ्या बाईला यात काही शिकवावे लागत नाही. या कामात त्यांचा फासा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर पडेल. ज्या आईला ‘मला शाळेतले काय कळते’ असे वाटते, तिला काटा हातात देऊन पाहावे. पैशाचेही तसेच. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना सुरू झाली तेव्हा १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान ठरले होते आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी होता. यंदा किती आले आणि कशावर गेले, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारता येतो. विचारणाऱ्याकडे संशयाने पाहू नये. कायद्याने त्याला नेमले आहे तेच यासाठी.

उभे राहू इच्छिणाऱ्या पालकांना सभेत दोन-दोन मिनिटे बोलू द्यावे. त्यांनी शाळेची स्तुती करण्याऐवजी आपण वर्षभरात कोणती एक गोष्ट नियमित पाहू, ती सांगावी. ‘मी दर सोमवारी डाळ तोलीन’, ‘पाण्याची टाकी महिन्याला धुतली का ते पाहीन’, ‘वस्तीवरची कोणती मुले गैरहजर आहेत याची यादी ठेवीन’. अशा उमेदवाराला नऊ दाण्यांतले किती द्यायचे, हे पालकांना नीट ठरवता येते, आणि पुढच्या निवडीच्या वेळी त्याला हिशेबही विचारता येतो.

सभेची तारीख ठरवताना बाजाराचा दिवस आणि तुरीच्या राशीचे दिवस टाळावेत, वेळ मजुरीहून परतल्यानंतरची ठेवावी, आणि सूचना मुलांच्या वहीत दोन्ही भाषांत आठ दिवस आधी लिहून द्यावी. २०१० च्या निर्णयात दोन विद्यार्थ्यांना, त्यांत एक मुलगी, समितीच्या कामात घ्यायला सांगितले आहे. त्यांना मत नसते. दाणे मोजण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. फळ्यावर बेरीज लिहिताना ती १०८० पेक्षा कमी भरली, तर कोणत्या पालकाने दाणा खिशात घालून नेला, याची चर्चा गावात आठवडाभर होईल.